खंडेनवमीचा फोटो

माझ्या मुलीने आजवर सोडून दिलेल्या छंदांचं सामान आमच्या माळ्यावर आहे. स्केटिंगचे बूट, की-बोर्ड, अबॅकसची पाटी, पोहण्याचा चष्मा आणि एक तबला. डग्गा कुठे गेला देव जाणे. प्रत्येक क्लासला मी तिला स्कूटरवरून सोडायला-आणायला जायचे, आणि तीन-चार महिने झाले की एके दिवशी जेवताना ती ताटात बघत म्हणायची, "आई, मला नाही जायचं." मी म्हणायचे, "बरं." भांडायला अंगात त्राण लागतं. मी शाळेत सातवीला शिकवते. साठ मुलांना दिवसभर "गप्प बसा, गप्प बसा" करून कोथरूडला घरी पोचते, तेव्हा माझ्यात चहा टाकण्यापुरताच काय तो जीव उरलेला असतो.

त्यामुळे पंधराव्या वर्षी ती नेमबाजी शिकायची म्हणाली, तेव्हा मी आधी माळ्याकडे बघितलं. आता तिथे बंदूक ठेवायची का?

"तीन महिने," मी म्हटलं. "त्याच्या आत सोडलंस, तर पुढच्या क्लासला तुझी तू चालत जायचं."

"हो," ती म्हणाली.

ती एवढंच बोलते. पहिलीपासून तिच्या प्रगतिपुस्तकात एकच शेरा: उत्तरं येतात, पण बोलत नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईच्या पोटी ही मुखदुर्बळ पोर कशी आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "तू संधी दे की तिला." त्याचं काय जातंय बोलायला! तो दिवसभर कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी बोलत बसतो.

रेंज कर्वेनगरात होती, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आणि तळल्या जाणाऱ्या जिलब्या, वर दहा मीटरवर लावलेले कागद आणि ओळीने उभी असलेली दहा-बारा मुलं. प्रशिक्षक म्हणजे माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान अशी एक बाई. केस बारीक कापलेले, आवाज मुळीच न चढवणारा. सगळे तिला मॅडम म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने आम्हा पालकांना बाकावर बसवलं आणि सांगितलं, "पहिला महिना कुणालाही छर्रा मिळणार नाही. घाई असेल त्यांनी जत्रेत जाऊन फुगे फोडावेत."

दोन पालक उठून गेले. मीही गेले असते, पण बसल्यावर पुन्हा उठायचा मला कंटाळा आला होता.

महिनाभर माझी मुलगी नुसती उभी राहिली. पाय किती अंतरावर, खांदा कुठे, श्वास कधी सोडायचा. पाण्याची भरलेली बाटली हातात धरून भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. मग रायफल आली, तीही रिकामी. हवेच्या दाबावर चालणारी रायफल ती. तिचा छर्रा हरभऱ्याच्या डाळीएवढा आणि नेमाचा मधला ठिपका पूर्णविरामाएवढा. एवढ्याशा डाळीसाठी केवढं ते सोवळं! रायफल रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळी निशाणाकडे सोडून दुसरीकडे वळता कामा नये. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. खाली ठेवली की नळीतून पिवळी दोरी आरपार ओवायची. दोरी दोन्ही टोकांना दिसली, म्हणजे आत काही अडकलेलं नाही हे लांबून कळतं. छर्रे शिशाचे, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावायचा नाही. घरी वीस वेळा ओरडूनही हात न धुणारी माझी कन्या तिथे कोपरापर्यंत हात धुवायची. मला इतका राग यायचा म्हणून सांगू!

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. कुणालाही, कधीही धोका दिसला, तर त्याने "स्टॉप" म्हणून ओरडायचं. ओरडणारा सगळ्यांत लहान असो, कालच आलेला असो, इतरांनी आधी थांबायचं, रायफल खाली ठेवायची, आणि मगच काय झालं ते विचारायचं. मॅडमनीसुद्धा.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. रेंजवर एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे, जाडजूड, हातात कडं. शहराने गिळलेल्या एका गावातले. शेतं गेली आणि आता इमारती बांधतात. त्यांच्या खिशातून रुमाल पडला तो नेम धरायला जिच्यामागे उभं राहतात त्या रेषेच्या पुढे. शेजारची दोन मुलं नेम धरून उभी असताना हे सरळ पुढे वाकले, पाय रेषेच्या पलीकडे.

"स्टॉप!"

माझ्या हातातलं लाल पेन वहीभर ओढलं गेलं. आवाज माझ्या मुलीचा होता. हा आवाज तिच्या गळ्यात आहे हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. सगळ्या रायफली टेबलावर गेल्या. मॅडम होत्या तिथेच थांबल्या. ते गृहस्थ मागे सरकले, आपल्या दोन्ही पायांकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय पोरी. चूक माझी हाय." मग कान पकडले, खरोखर पकडले, आणि बाकावर येऊन बसले. माझी मुलगी लालेलाल झाली होती, पण मान वर होती.

त्या दिवशी घरी जाताना मी तिला विचारलं, "भीती नाही वाटली? एवढा मोठा माणूस."

"तिथे थांबतात ना सगळे," ती म्हणाली.

तीन महिने उलटून गेले, सहा झाले, आठ झाले. मी श्वास रोखून वाट बघत होते, पण ते "मला नाही जायचं" काही आलं नाही. उलट सकाळी माझ्या आधी उठून ती पॅसेजमध्ये ठिपका लावून उभी राहायची. कुणाला सांगू नका, पण मी देवाला नवस बोलले होते की बाबा, एवढं तरी हिच्या हातून सुटू देऊ नको. माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं. माझ्याकडे तसं काही नाही, म्हणून तर मला ते चांगलं कळतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेनंतर तिच्यासाठी रायफल घेतली. एका मोठ्या मुलीने वापरलेली, पण चांगली. मुलगी अठराच्या आतली, म्हणून कागदोपत्री ती माझ्या नावावर. घरी न्यायची परवानगी देताना मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, "रायफल पेटीत, पेटीला कुलूप. छर्रे दुसऱ्या कपाटात. चावी पालकाकडे. म्हणजे तुमच्याकडे. मुलीवर माझा भरवसा आहे. तुमच्यावर ठेवतेय." मी मान डोलावली. बाई, मी वीस वर्षं शिक्षिका आहे, मला काय सांगता, असं मनात म्हणालेही.

त्याच उन्हाळ्यात मॅडमनी कॉलेजच्या एका मुलाला काढलं होतं. मोबाइलवर रील करायला म्हणून त्याने मित्रावर रिकामी रायफल रोखली होती. वडील आले, गयावया केली, पण उपयोग शून्य. पुन्हा त्या मुलाला जिना चढता आला नाही. हे मला माहीत होतं. म्हणजे अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मग खंडेनवमी आली. माझे वडील शिंपी होते. या दिवशी आमच्या घरी शिवणयंत्र बंद, कात्र्यांना हळदकुंकू, टेपलाही झेंडूचं फूल. लग्नानंतर माझ्या पाटावर सुरी, किसणी, नवऱ्याचा लॅपटॉप आणि माझं लाल पेन असलं काहीबाही असायचं. या वर्षी घरात खरोखरीचं शस्त्र होतं. माझ्या लेकीचं! मला काय भरून आलं होतं, कसं सांगू. धाकट्या दिराला, जावेला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं.

"आई, बंद पेटीचीच पूजा कर ना," मुलगी म्हणाली.

"देवाला काय कुलूप दाखवू?" असं म्हणून मी चावी लावली.

रायफल पाटावर ठेवली. कुंकू लावलं. झेंडूची माळ घालायला गेले, तर नळीच्या तोंडातून लोंबणारी ती पिवळी दोरी सारखी मध्ये येत होती. मी ती ओढून काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"ती काढायची नसते."

"पाच मिनिटं. मग घाल परत. किती ते शास्त्र तुझं!"

दीर आले ते हसतच. माणूस वाईट नाही, पण बैल रिकामा आणि अंगण मोठं, अशी त्यांची सुट्टीच्या दिवशी गत. "अरे वा वहिनी! आता शेजारपाजारचे घाबरून राहतील," म्हणत त्यांनी पाटावरची रायफल माळेसकट उचलली. मुलगी पाण्याचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि तिच्यावर रोखली. "हॅन्ड्स अप!"

"स्टॉप!" ती ओरडली.

तोच आवाज. रेंजवर ज्या आवाजाने बारा माणसं जागच्या जागी थांबली होती, तोच. आमच्या घरात दीर खोखो हसले. जाऊ हसली. नवरा हॉलमधून म्हणाला, "काय झालं?" आणि माझ्या हातात फोन होता. मी म्हटलं, "गप्प बस गं. सणासुदीची ओरडतेस काय? काका आहेत. रिकामीच आहे ना ती? जरा हसून उभी राहा."

आणि फोटो काढला. त्याच वेळी दिरांनी चाप ओढला. टक् असा आवाज झाला. बस, एवढंच. रायफल रिकामीच होती.

मुलीने पेले ओट्यावर ठेवले. काकांच्या हातातून रायफल काढून घेतली, तिच्यावरचं कुंकू पुसलं, ड्रॉवरमधली दोरी शोधून ओवली, पेटीला कुलूप घातलं, आणि चावी माझ्यासमोर ठेवली. जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. मला वाटलं, एवढ्या-तेवढ्याने फुगून बसायचं वयच आहे. पाहुणे गेले, भांडी आवरली, आणि दुपारी कंबर टेकता टेकता मी तो फोटो रेंजच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या घरची खंडेनवमी." वर तीन हात जोडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन अंगठे आले. एक फूल आलं. मग मॅडमचा निरोप आला, सगळ्यांच्या देखत. "परवा सकाळी नऊला रेंजवर या. मुलीला आणा. पेटी आणा."

मी तेव्हा कुठे तो फोटो नीट बघितला. काढताना मला फक्त तिचे विस्कटलेले केस दिसले होते. फोटोत दिरांची पाठ होती, माळ घातलेली नळी होती, आणि त्या नळीच्या रेषेत माझी मुलगी. दोन्ही हातांत पेले. डोळे गच्च मिटलेले. ती हसून उभी राहिली नव्हती. ती वाट बघत होती.

आणि तरी मी काय केलं? रात्री पोळ्या लाटताना तिलाच म्हटलं, "तू तरी नीट सांगायचंस ना!"

"सांगितलं," ती म्हणाली.

दसऱ्याचा दिवस असाच गेला. नवऱ्याला म्हटलं, तू चल परवा. तो म्हणाला, नऊला त्याचा कॉल आहे. त्याचा कॉल कधी नसतो? माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: तिला काढणार. त्या रीलवाल्या मुलासारखं काढणार. वर्षभर जे टिकलं ते मी पाच मिनिटांत घालवलं, आणि हे सामान माळ्यावर चढवताना मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघणार? संध्याकाळी ती आपट्याची पानं घेऊन सायकलवर बाहेर पडली. "सोनं देऊन येते," म्हणाली. मी विचारलंही नाही कुणाला. विचारायला तोंड नव्हतं.

परवाच्या सकाळी आम्ही निघालो. पेटी दोघींच्या मध्ये उभी. कर्वे रोडला नेहमीसारखी कोंडी, मागून हॉर्न, आणि मी हेल्मेटच्या आत मॅडमपुढे करायचं भाषण पाठ करत होते. दोनदा सिग्नल सुटलेला कळला नाही. एक रिक्षावाला म्हणाला, "काकू, मुक्कामाला आलात का?" एरवी मी त्याला सोडला नसता.

रेंजवर कुणी नव्हतं. खाली कुणाचा तरी साखरपुडा होता, त्याच्या खुर्च्या मांडत होते. मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं. फोन टेबलावर ठेवला, त्यावर तो फोटो.

"पेटी कुणी उघडली?"

"मी."

"दोरी कुणी काढली?"

"मीच."

"फोटो?"

"तोही मीच काढला."

"वा. म्हणजे चौकशी संपलीच," मॅडम म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "तू काय केलंस?"

"स्टॉप म्हटलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

मी एकदाच ऐकलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी बहुतेक तिला हसायला सांगत होते.

"मग?"

मुलगी खाली बघायला लागली. माझ्यासमोर ती सांगणार नव्हती. तिच्या जागी मी असते तर घडाघडा सगळं सांगितलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "मग मी तिला गप्प बसवलं. हसून उभी राहा म्हटलं. मॅडम, काय शिक्षा करायची ती मला करा. म्हणाल तर मी तुमच्या जिन्याची पायरीसुद्धा चढणार नाही. पण हिला काढू नका. हिने आजवर सगळं सोडून दिलंय. हे एवढं एकच धरलंय. मी तुमच्या पाया पडते." पाठ केलेल्या भाषणातला एकही शब्द यात नव्हता.

मॅडमनी मला पाण्याची बाटली दिली. मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"तिला कोण काढतंय?" त्या म्हणाल्या. "नियम तुम्ही मोडलात. तिने पाळला. स्वतःवर रायफल रोखलेली असताना पाळला. अशी मुलगी मी काढेन का?"

हुश्श! माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मी मुलीचा हात धरायला गेले. तो तिने मांडीवर ठेवला होता, तिथेच राहू दिला.

"फक्त एक काम राहिलंय," मॅडम म्हणाल्या. ड्रॉवरमधून त्यांनी एक कागद काढला. "काल संध्याकाळी मी इथली पूजा आवरत होते, तेव्हा ही सोनं द्यायला आली होती. सोबत हे दिलं. पालकांच्या सहीशिवाय मला घेता येत नाही."

वहीचा आखीव कागद होता. उजवीकडे दिनांक, मग प्रति, मग विषय. अर्ज कसा लिहायचा हे तिला मीच शिकवलं होतं, चौथीत.

"विषय: माझी रायफल रेंजवर ठेवण्याबाबत. महोदया, माझ्या घरी रायफल सुरक्षित राहत नाही. घरात कुणी स्टॉप म्हटलं तर थांबत नाहीत. घरातली माणसं चांगली आहेत. पण त्यांना ते ऐकू येत नाही. तरी माझी रायफल व पेटीची चावी आपल्याकडे ठेवावी, ही नम्र विनंती. मी सरावाला रोज लवकर येईन."

खाली तिची सही. त्याखाली पट्टीने मारलेली एक रेघ, आणि रेघेखाली, पालकांची सही.

मी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. "घरातली माणसं चांगली आहेत" या वाक्याशी मी जरा जास्त थांबले. ते तिने नंतर, दोन ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात घातलं होतं.

मला खूप बोलायचं होतं. पुन्हा असं होणार नाही, चावी माझ्याकडेच राहू दे, एक संधी दे. वर्गात पोरं रोज मला हेच म्हणतात. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती थांबून. मी पर्समधून चावी काढून टेबलावर ठेवली आणि रेघेवर सही केली.

मुलीने कागद माझ्या पुढून ओढून घेतला. सही रेघेवर, नीट, पूर्ण नावाची आली आहे ना ते तिने तपासलं, आणि मगच तो मॅडमच्या हातात दिला.